पितळेची पट्टी

एनिड हेलिवेलच्या घरामागे कोळशाची खोली होती, आणि त्या खोलीत तिच्या नवऱ्याची मोटरसायकल उभी होती. क्लेम जाऊन पाव शतकाहून जास्त काळ लोटला, तरी गाडी जागची हलली नव्हती. त्या खोलीत एनिडने नंतर कोळसा कधी ठेवलाच नाही. तो बाहेर, मागच्या भिंतीला टेकून, पत्र्याखाली असायचा. पावसात भिजायचा, पेटायला कुरकुर करायचा, घरभर धूर करायचा. शेजारची नोरा अटली म्हणायची, "अगं, लोखंडाला कोरडी खोली आणि तुला ओला कोळसा! लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, स्वतःचा कोळसा बघा," एनिड म्हणायची.

ऑक्सेनशॉ हे यॉर्कशरच्या डोंगराळ भागातलं गिरणीगाव. काळवंडलेल्या दगडी घरांच्या रांगा उतारावर एकीखाली एक उभ्या, खाली नदी, वर उघडा माळ. एनिडच्या दारासमोर पाणी वाहून जायच्या पन्हळीचा एक दगड थोडा वर आलेला होता. क्लेम गिरणीच्या रंगखात्यातून सुटून संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पुढचं चाक त्या दगडावरून उतरताना ते चाक धरणारा फोर्क दोनदा वाजायचा. टक, टक. की एनिड किटलीतलं पाणी चहाच्या भांड्यात ओतायची.

तो गेल्यावरही तिला तो आवाज यायचा. रोज नाही. महिनोन्महिने काही नाही आणि मग एखाद्या साध्या संध्याकाळी, ती बटाटे सोलत असताना, दाराबाहेर टक, टक. पहिल्या काही वेळा तिने दार उघडून पाहिलं. नंतर पाहणं सोडलं, पण हात थांबायचा तो थांबायचाच.

आणि त्यातली खरी भीती आवाजाची नव्हतीच. तो आवाज दुरुस्तीच्या आधीचा होता. क्लेमच्या शेवटच्या आठवड्यात गाडी तशी वाजत नव्हती. एनिडने स्वतःच्या हातांनी तो आवाज बंद केला होता.

हे काम तिच्या हाताला कसं लागलं, तर दुसऱ्या महायुद्धामुळे. गावातले पुरुष सैन्यात गेले तेव्हा हॅलिफॅक्सच्या एका कारखान्यात पोरींना लेथवर उभं केलं. एनिड तेव्हा विशीची. केस रुमालात बांधून ती दिवसभर तोफगोळ्यांची टोपणं कातायची. लढाई संपल्यावर बाकीच्या पोरी घरी गेल्या. एनिडला मात्र फोरमन बारक्लो म्हणाला, "तुझा हात बरा आहे. राहणार असलीस तर राहा." ती राहिली.

क्लेम त्याच वर्षी पूर्वेकडच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून परतला होता. नाचाच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून उभा होता. एनिडनेच जाऊन त्याला म्हटलं, "नाचायचं नसेल तर निदान माझा कोट तरी धरून उभा राहा." त्याने कोट धरला, आणि गाणं संपेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला. दोन वर्षांनी लग्न झालं.

भला माणूस होता. आवाज चढवायचा नाही, दारूच्या वाटेला जायचा नाही. पण कधी जेवताजेवता काटा हातात तसाच राहायचा आणि नजर भिंतीतून आरपार जायची. झोप अशी त्याला नव्हतीच. हाताला बारीक कंप असायचा, म्हणून गाडीचं काम एनिडच करायची. गाडीवर बसला की मात्र तो कंप थांबायचा. "वर माळावर डोकं रिकामं होतं गं," एवढंच तो सांगायचा. मुलगी एव्हरिल मोठी होत गेली तशी तीही त्याच्या पुढ्यात पेट्रोलच्या टाकीवर बसून जाऊ लागली. शनिवारी सकाळी बापलेक माळ ओलांडून पलीकडच्या गावी क्लेमच्या आईकडे जायचे आणि दुपारी केक घेऊन परत यायचे.

छप्पन साली वसंतात फोर्कचा आवाज फार वाढला. ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवलं की नळ्या खुळखुळायच्या. एनिडने चाक काढलं, तेल सोडलं, नळ्यांवर वरखाली सरकणारे फोर्कचे पाय खाली ओढून उघडले आणि नळ्यांभोवतीचे धातूचे गोल बुश पाहिले. झिजून पार अंडाकृती झालेले. तिने जेवणाच्या सुट्टीत लेथवर नवे काशाचे बुश कातले. ते नळीवर छान बसले, पण ज्या पायात ते ठोकून बसवायचे त्याचं तोंडच फाकलं होतं. बुश त्यात सैल बसत होता. तेव्हा तिने कागदासारखी पातळ पितळेची पट्टी बुशाभोवती गुंडाळायचं ठरवलं आणि बारक्लोकडे पट्टी मागितली.

त्याने पट्टी दिली, पण वर म्हणाला, "तात्पुरतं ठीक आहे, एनिड. पण ही सरकली, आत दुमडली, तर नळी अडकेल. चालत्या गाडीत फोर्क अडकला तर काय होतं माहीत आहे ना?"

"सरकणार नाही."

"नाही ना? मग झालं."

तिने पट्टी गुंडाळली, बुश ठोकला, पाय आणि बुश दोन्हींवर सुईने एक रेघ मारली, म्हणजे पुढे कधी उघडलं तर हललं का ते कळेल. सगळं जोडून गाडी स्वतः गल्लीत फिरवून आणली. पन्हळीच्या दगडावरून ती आवाज न करता उतरली. क्लेमने चक्कर मारली आणि म्हणाला, "लोण्यावरून गेल्यासारखं वाटतंय."

पुढच्याच शनिवारी वरच्या तलावाजवळच्या वळणावर त्याची गाडी दगडी बांधावर आदळली. ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा होता, समोरून कोणी आलं नव्हतं. तो जागीच गेला. एव्हरिल त्या दिवशी घरीच होती, एवढं एक नशीब, असं सगळे म्हणाले.

हवालदार ओळखीचा होता. टोपी हातात घेऊन तो स्वयंपाकघरात उभा राहिला आणि तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "पुढचा फोर्कच गेला असणार, बाई. दुसरं काहीच कारण दिसत नाही. त्याची चूक नव्हती हो."

एनिडने त्याला चहा दिला. चौकशीत अपघात असं ठरलं. एका शेतकऱ्याने गाडी ट्रॅक्टरवर घालून आणून दिली, ती कोळशाच्या खोलीत गेली आणि तिच्यावर ताडपत्री पडली.

फोर्कच गेला असणार. हे तीन शब्द एनिडच्या सोबत राहायला आले. कारखान्यात ती काम करत राहिली, पण एकेक भाग कातून झाल्यावर परत परत मोजायची. बारक्लोने एकदा म्हटलं, "अगं, मोजून मोजून झिजवशील." घरी शेगडीचं झाकण, दाराची कडी, एव्हरिलच्या बुटांची नाडी, सगळं ती दोनदा बघायची. पोरीला सायकल घेऊन दिली नाही ती नाहीच. एव्हरिल हट्टाने भांडायची, रडायची, आणि एनिड मनाशी म्हणायची, रड बाई, पण जिवंत राहा.

खोली उघडून एकदा बघावं, असं तिच्या मनात यायचं. पट्टी दुमडली असेल तर कळेल. पण कळून काय करायचं? न कळलेलं निदान अर्धं तरी होतं. ताडपत्रीखाली ते अर्धं झाकून ठेवून ती जगत राहिली. एव्हरिल नर्स झाली, लीड्सला गेली, लग्न केलं, मोडलं. बारक्लो वारला, कारखाना बंद पडला, एनिडचे केस पांढरे झाले. आणि मधूनच एखाद्या संध्याकाळी, दाराबाहेर, टक, टक.

मग नगरपालिकेने त्या रांगेत गॅस आणायचं ठरवलं. मागच्या कोळशाच्या खोल्या पाडून तिथून नळ जाणार होते. एव्हरिल आवराआवर करायला चार दिवसांची रजा काढून आली. पहिल्याच दिवशी चहाच्या टेबलावर तिने विषय काढला.

"आई, गाडीचं काय? भंगारवाला न्यायला तयार आहे."

"भंगारवाल्याला सांग, स्वतःचं तोंड घेऊन परत जा."

"मग ठेवायची कुठे? तुझ्या पलंगाखाली?"

एनिडने बशीतले चुरे बोटाने गोळा केले. "आधी मला ती उघडायची आहे."

"काय उघडायचीय?"

"पुढचा फोर्क."

एव्हरिलने आईकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने कप उचलून तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एव्हरिल गावात सामान आणायला गेली आणि एनिडने ताडपत्री ओढली. गाडी तिच्या आठवणीतल्यापेक्षा लहान होती. पुढचं चाक चेपलेलं, दोन्ही नळ्या मागे वाकून इंजिनाला टेकायला आलेल्या. गंज सगळीकडे. तिने अवजारांचा डबा उघडला, गुडघ्याखाली पोतं घेतलं आणि कामाला लागली.

नट गंजून एकजीव झाले होते. तिने रॉकेल सोडलं, उकळत्या पाण्यात बुडवलेली फडकी गुंडाळली, पुन्हा रॉकेल. पाना लावून जोर दिला की खांद्यातून कळ जायची. फोर्कच्या पायाच्या तळाचा स्क्रू सुटला तेव्हा काळं, दाट तेल हळूहळू बशीत उतरलं. क्लेम गेला त्या दिवशीचं तेल. तिने ती बशी उचलून लांब, खिडकीत ठेवली. ती तिच्याकडे बघत असल्यासारखी वाटली म्हणून परत उचलून दाराबाहेर ठेवली.

तेलाच्या सीलचं झाकण क्लेमच्या जुन्या चामडी पट्ट्याने आवळून फिरवलं. मग पाय दोन्ही हातांत धरून खाली झटका दिला. नाही. पुन्हा झटका. चौथ्या-पाचव्या झटक्याला आतून काहीतरी सुटलं, पाय बुशासकट नळीवरून निघून आला, आणि ती तो हातात घेऊन मागे भिंतीवर आपटली.

ती तशीच बसून राहिली. आत बघायला डोळे तयार नव्हते. शेवटी तिने पाय उजेडाकडे धरला.

पट्टी होती तिथेच होती. कडा सरळ. कुठे सुरकुती नाही, दुमड नाही. तिने बुश पुसला. आतून गुळगुळीत, एकसारखा, ओरखडा म्हणून नाही. पायावरची रेघ बुशावरच्या रेघेशी जुळलेली, जिथे तिने मारली होती तिथेच. दुसरा पाय उघडला. तोही तसाच.

तिच्या हातून काही चुकलं नव्हतं.

एनिडला रडू येईल असं वाटलं होतं, कधीतरी हे कळलं तर. आलं नाही. उलट अंगावर काटा आला. कारण इतकी वर्षं ज्या जागी तिने स्वतःला उभं केलं होतं ती जागा आता रिकामी झाली होती, आणि तिथे दुसरं कोणीतरी उभं असणार होतं.

तिने वाकलेल्या नळ्या सोडवल्या, पुसल्या आणि स्वयंपाकघरात नेल्या. पिठाचं काम करायची संगमरवराची फरशी टेबलावर ठेवली. नळी वाकडी आहे की सरळ हे असंच बघायचं असतं, सपाट दगडावर लोळवून. पहिली नळी लोळवली. मधे मोठी कमान. दुसरी लोळवली. तेवढीच कमान. मग दोन्ही शेजारी ठेवल्या. एकाच साच्यातून काढल्यासारख्या, थेट मागे वाकलेल्या. पीळ नाही, कुठे कमी-जास्त नाही.

माणूस घाबरला की हँडल वळवतो. कितीही उशिरा असो, थोडं तरी वळवतो. मग एक नळी जास्त वाकते, एक कमी, दोन्हींना पीळ पडतो. इथे चाक बांधावर सरळ गेलं होतं. अगदी सरळ. धरून ठेवल्यासारखं.

एव्हरिल पिशव्या घेऊन आत आली तेव्हा आई टेबलाशी बसली होती आणि तिचे काळे हात दोन्ही नळ्यांवर होते.

"आई? लागलं का कुठे?"

"बस."

"आधी हात धू. बघ कसे झालेत."

"बस म्हटलं ना."

एव्हरिल बसली. एनिडने तिला सगळं सांगितलं. पट्टी, बारक्लो, हवालदाराचे शब्द. सांगताना तिचा आवाज इतका कोरडा होता की जणू दुसऱ्याच कोणाच्या गाडीची गोष्ट चालली होती. एव्हरिल ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत होता.

"म्हणजे तुला वाटत होतं की तू..."

"हो."

"इतकी वर्षं?"

"आता ते नाही राहिलं," एनिड म्हणाली. "फोर्क चांगला होता. पण मग हे काय आहे, ते मला कळत नाही. कळतंय, पण बोलवत नाही." तिने एक नळी फरशीवर फिरवली. ती कमानीवर डुगडुगली आणि थांबली.

एव्हरिलने ती नळी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी टाकीवर बसले होते."

"कुठल्या दिवशी?"

"त्याच. तू आत होतीस. बाबांनी मला बसवलं, कोटाची बटणं लावली, इंजिन चालू केलं. मग थांबले. माझ्याकडे बघत होते. आणि मला उचलून खाली उतरवलं. म्हणाले, आज नको, चिमणे. आज थंडी आहे."

एनिडने नळीवरचा हात काढला.

"थंडी नव्हती, आई. मे महिना होता. मला घाम येत होता त्या कोटात."

"तू कधी बोलली नाहीस."

"कशी बोलणार? आधी वाटलं मी काहीतरी वाईट वागले म्हणून नेलं नाही. मोठी झाले तेव्हा दुसरं वाटायला लागलं. मग तुझ्याकडे बघायची. तू आधीच इतकी... तू माझ्या बुटाची नाडी दोनदा तपासायचीस. तुला हे सांगितलं तर तू मोडून पडशील असं वाटायचं."

"आणि मी तुला सायकल दिली नाही."

"नाही दिलीस. अजून राग आहे मला."

दोघी हसल्या, पण ते हसू टेबलापलीकडे पोचलं नाही.

"झोप लागली असेल," एनिड म्हणाली. "रात्र रात्र जागा असायचा. बसल्याबसल्या डोळा लागायचा त्याचा."

"लागला असेल."

"चक्कर आली असेल."

"आली असेल, आई."

"कसं कळणार आता?"

"नाही कळणार."

एनिडने हात ॲप्रनला पुसले. ॲप्रन काळा झाला, हात तसेच राहिले. "पण तुला उतरवलंन," ती म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू आलं. तिच्या आठवणीत ती क्लेमसाठी मोठ्याने पहिल्यांदाच रडत होती. एव्हरिल उठून तिच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिचे खांदे धरून ठेवले.

गाडी भंगारात गेली नाही. गॅसवाल्यांनी खोली पाडली तेव्हा ती पुढच्या खोलीत, सोफ्याच्या जागी, जुन्या वर्तमानपत्रांवर उभी होती. नोरा अटली बघायला आली आणि म्हणाली, "आता हिला चहा पण देतेस का?"

"देते. दूध घालून," एनिड म्हणाली.

एव्हरिल सुट्टीच्या दिवशी लीड्सहून यायला लागली. हॅलिफॅक्सला जुन्या गाड्यांच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथून नव्या नळ्या मिळाल्या आणि एक चाक. एनिडच्या जुन्या ओळखीच्या एका माणसाने त्याचा लेथ वापरू दिला. या वेळी तिने पायांची फाकलेली तोंडं आतून गोल कातून घेतली आणि त्या मापाचे जाड बुश केले. पट्टीची गरज राहिली नाही. एव्हरिल दिवा धरायची आणि विचारायची, "हे असं का? ते उलटं बसवलं तर?" एनिड सांगायची. इतकं बोलणं त्या दोघींमध्ये पूर्वी कधी झालं नव्हतं. क्लेमबद्दल ते क्वचितच असायचं, पण तो त्या खोलीत आहे हे दोघींनाही ठाऊक असायचं. कधी एव्हरिल मधेच थांबून दाराकडे बघायची. एनिड तिला काय झालं असं विचारायची नाही.

तो आवाज थांबला का? नाही. उलट आता तो जास्त वेळा यायला लागला, आणि एकदा तर एव्हरिलनेही ऐकला, किंवा ती तसं म्हणाली.

शरद ऋतूच्या सुरुवातीला गाडी तयार झाली. एनिडने ब्रेक दाबून हँडल मागेपुढे केलं. कुठे खुळखुळ नाही. तिने क्लेमचा गाडीवर घालायचा जुना चष्मा डोळ्यांवर चढवला, एव्हरिलला मागे बसवलं आणि गाडी गावातून वर माळावर काढली. वारा थंड होता. गवत पिवळं पडलं होतं, मेंढ्या रस्त्याच्या कडेला ढिम्म उभ्या होत्या. तलावाजवळ पोचल्यावर तिने वेग कमी केला, वळण घेतलं आणि पुढे जाऊन गाडी थांबवली.

बांध मागेच कुणीतरी दुरुस्त केला होता. बाकीच्या काळ्या दगडांत तेवढा तुकडा थोडा फिका दिसत होता. एव्हरिल चालत तिथपर्यंत गेली आणि दगडांवर तळहात ठेवून उभी राहिली. एनिड गेली नाही. तिला वाटलं, आपण गाडीकडे पाठ केली तर क्लेम तिच्यावर येऊन बसेल. म्हणून ती हँडल धरून उभी राहिली.

एव्हरिल परत आली. नाक लाल झालं होतं. "मला चालवायची आहे," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी. मला शिकव."

"इथे?"

"मग कुठे? पलंगाखाली?"

एनिडच्या तोंडावर नाही आलं होतं. इतक्या वर्षांची सवय होती ती. तिने ते गिळलं. क्लच दाखवला, गिअर दाखवले, ब्रेक हळू दाबायचा हे चारदा सांगितलं. एव्हरिलने गाडी दोनदा बंद पाडली, तिसऱ्यांदा शिवी घातली, चौथ्यांदा गाडी धक्के खात सुटली. तलावाकाठच्या सरळ रस्त्याने ती गेली, आधी डगमगत, मग नीट, आणि लांबच्या टोकाला टेकडीमागे वळून दिसेनाशी झाली.

इंजिनाचा आवाज काही वेळ येत राहिला, मग वाऱ्यात विरला. एनिड रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिचा हात कोटाच्या बटणावर गेला, ते सोडलं, पुन्हा लावलं. एक मेंढी तिच्याकडे बघत होती. पाण्यावरून ढगाची सावली सरकत पलीकडे गेली. ती टेकडीकडे चालायला लागली, मग भराभर, आणि धावावं की काय अशा विचारात असतानाच आवाज परत आला.

एव्हरिल आली, पाय टेकत, घसरत थांबली. केस तोंडावर आले होते. "आई, हँडल थोडं डावीकडे ओढतंय," ती धापा टाकत म्हणाली. "तुला जाणवलं का तसं?"

"जाणवलं," एनिड म्हणाली. तिचा श्वास अजून जागेवर नव्हता. "वरचे नट सारखे आवळले गेले नसतील. सरक मागे. घरी गेल्यावर बघू."